चाळणीच्या भोकाएवढा समुद्र

न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत, मार्लबरो आणि कोल्ट्स नेक या गावांच्या परिसरातून बिग ब्रुक नावाचा ओढा वाहतो. उन्हाळा सरताना त्यात जेमतेम पोटरीपर्यंत पाणी असतं. दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या मातीचे उभे काठ, वर दाट झाडी आणि पात्रात जागोजागी खड्यांचे उथळ पट्टे. या पट्ट्यांतली ओंजळभर रेती चाळली की सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कचे दात हाती लागतात.

तिथल्या पाटीवरचे नियम मला पाठ आहेत. चाळण कोणत्याही बाजूनं १८ इंचांहून मोठी नको. खुरप्याचं पातं ६ इंचांहून लांब नको. काठ खणायचा नाही. आणि एका माणसानं एका दिवसात फक्त पाच जीवाश्म घरी न्यायचे.

पहिल्या दिवशी हा पाचाचा आकडा मला फार तोकडा वाटला होता. आज मी त्या नियमाची ऋणी आहे. पाचच न्यायचे म्हटल्यावर निवडावं लागतं आणि निवडायचं म्हटल्यावर नीट पाहावं लागतं. दिवसभरात चाळणीत आलेले इतर सगळे दात पुन्हा पाण्यात सोडायचे असतात, म्हणून सोडण्याआधी प्रत्येकाकडे मन लावून बघितलं जातं. एका ऑक्टोबरात मी असे पाच दात निवडून आणले. त्यांतला सर्वांत मोठा नऊ मिलिमीटरचा आहे, सर्वांत लहान दीड मिलिमीटरचा. हे लेखन त्या पाच दातांविषयी आहे.

ही माती मुळात समुद्राच्या तळाची. क्रिटेशस काळाच्या अखेरीस अटलांटिकचं पाणी आजच्या किनाऱ्याच्या बरंच आत आलेलं होतं आणि न्यू जर्सीचा हा भाग उथळ समुद्राखाली होता. त्या तळावर गाळ अतिशय सावकाश साठत होता. जिथे गाळ इतका हळू साठतो तिथे ग्लॉकोनाइट नावाचं हिरवं खनिज तयार होतं. काठाला जो हिरवट रंग दिसतो तो त्याचाच. या मातीला इथले लोक मार्ल म्हणतात. तिच्यात पोटॅश असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात शेतकरी ती खणून शेतात टाकत. मार्लबरो या गावाचं नाव त्या मार्लवरूनच पडलं. याच राज्यात दक्षिणेला हॅडनफील्डच्या मार्लच्या खाणीतून १८५८ साली हॅड्रोसॉरस या डायनासोरचा सांगाडा निघाला आणि जोसेफ लाइडी यांनी त्याचं वर्णन केलं.

गाळ सावकाश साठतो याचा दातांशी थेट संबंध आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो मेल्यानंतर सहसा टिकत नाही. दात मात्र टिकतात. त्यांच्यावरचं आवरण फ्लोरिनयुक्त अ‍ॅपेटाइटचं असतं, म्हणजे आपल्या दातांना टूथपेस्टमधल्या फ्लोराइडमधून जे थोडंफार मिळतं ते शार्कला जन्मजात मिळालेलं आहे. शिवाय शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले नवे पुढे सरकतात. एकेका शार्कचे हजारो दात तळावर पडत. वरून गाळ थोडाच येत असल्यामुळे ते विखुरले न जाता दाटीनं साठले. आज ओढा काठ झिजवतो, माती वाहून जाते आणि जड दात खड्यांत अडकून राहतात. म्हणजे निवडण्याचं अर्धं काम पाण्यानं आधीच केलेलं असतं.

मी जाळी घेऊन बसते तेव्हा आसपासचे बहुतेक लोक मोठ्या भोकांची चाळण वापरत असतात. पाव इंची जाळी, दोन वेळा पाण्यात हलवायची, जाड खडे बघायचे, की झालं. त्यांना दोन-तीन सेंटिमीटरचे देखणे दात मिळतात. त्यांच्या आनंदात मी सामील असते. पण माझ्या मोठ्या चाळणीखाली दुसरी चाळण असते, स्वयंपाकघरातली, रवा चाळायची. पहिलीतून निसटलेलं सगळं दुसरीत पडतं. ते मी पांढऱ्या ताटात पसरते आणि काठावर बसून निवडते.

आई मालवणहून आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा एकदा तिला सोबत नेलं. ओढ्यात उतरणं तिला जमणार नव्हतं. काठावरच्या ओंडक्यावर ती बसली आणि तिनं ताट मांडीवर घेतलं. तांदूळ निवडताना जसं बोटानं एक पट्टा ओढून बाजूला करतात, तसा तिनं रेतीचा पट्टा ओढला, डोळे त्यावरून फिरवले, मग दुसरा ओढला. पाच मिनिटांत तिनं तीन दात बाजूला काढले. मी विचारलं, “आई, तुला कसं कळलं गं?” ती म्हणाली, “अगो, खडो कसोय असता. ह्येका दोन बाजू आसत.”

दाताच्या ओळखीचा पहिला धडा इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता. खड्याला बाजू नसतात. दाताला असतात. एक बाजू ओठांकडची, ती सहसा सपाट. दुसरी जिभेकडची, ती फुगीर. वर चकाकणारा शेंडा, खाली मंद, खरबरीत मूळ. या दोहोंची सीमारेषा स्पष्ट असते. इतकं दिसलं की तो दात आहे हे ठरतं. कुणाचा, हे त्यापुढचं वाचन. त्यासाठी चार जागा पाहायच्या: धार गुळगुळीत की दंतुर, शेंड्याच्या बगलेत छोटी टोकं आहेत की नाहीत, बाजूनं पाहिलं तर दाताची रेषा सरळ की वळणदार आणि मुळात खाच किंवा छिद्र कुठे आहे. या चार जागांपैकी मूळ सर्वांत बोलकं असतं आणि दुर्दैवानं तेच सर्वांत आधी तुटतं.

आता ते पाच दात.

पहिला आठ मिलिमीटरचा, स्क्वॅलिकोरॅक्स काउपी. करडा-तपकिरी, एका बाजूला झुकलेला, रुंद पात्याचा. दोन्ही धारांना बारीक दाते आहेत. झुकलेल्या बाजूला शेंड्याखाली एक खाच आहे आणि तिच्यापुढे धार पुन्हा छोट्या टाचेसारखी वर येते. ही खाच त्याची सही आहे. याच मातीत त्याचा भाऊबंद स्क्वॅलिकोरॅक्स प्रिस्टोडॉन्टस सापडतो. त्याचा दात मोठा, अर्धचंद्रासारखा आणि त्यात ही खाच जवळपास नाहीशी झालेली. १८४३ साली लुई अगासी यांनी या जातीचं वर्णन केलं तेव्हा वंशाला कोरॅक्स नाव दिलं होतं. कोरॅक्स म्हणजे डोमकावळा. पुढे मोसासॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि समुद्रात वाहून आलेल्या डायनासोरांच्या हाडांवर या वंशाच्या दातांच्या खुणा सापडल्या. मेलेलंही खाणारा हा शार्क होता असं त्या खुणा सांगतात. अगासींनी ठेवलेलं नाव त्याला शोभून दिसतं.

हा दात हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो की हा टायगर शार्कचा असावा. तसंच झुकलेलं पातं, तशीच खाच, तशीच दंतुर धार. इथे थांबून ऐकावं लागतं. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच आहेत. पण भूप गंधारावर नांदतो, देशकार धैवतावर, आणि जाणकार दोन आलापांतच ओळखतो. या दोन दातांचं तसंच आहे. टायगर शार्कच्या धारेवरचा प्रत्येक मोठा दाता पुन्हा बारीक दात्यांनी कोरलेला असतो. माझ्या दाताची धार साधी आहे, दाते एकेरी. भिंगाखाली हा फरक लख्ख दिसतो. आणि घराणं तर पूर्ण वेगळं. टायगर शार्क एका गणातला, स्क्वॅलिकोरॅक्स मॅको आणि ग्रेट व्हाइटच्या गणातला. मांस कापायचं काम दोघांनाही करायचं होतं म्हणून दोघांच्या दातांना तोच आकार आला. काम सारखं असेल तर नातं नसतानाही रूप सारखं होतं, हे मला या आठ मिलिमीटरच्या दातानं शिकवलं.

दुसरा नऊ मिलिमीटरचा, स्कॅपॅनोरिंकस टेक्सॅनस. पाचांत सर्वांत देखणा. सडपातळ, टोकदार, सुईसारखा. समोरून सरळ वाटतो, पण बाजूनं धरला की त्याच्यात इंग्रजी एस अक्षराचं संथ वळण दिसतं. शेंडा आधी आत झुकतो आणि टोकाशी पुन्हा बाहेर वळतो. जिभेकडच्या बाजूला मुळापासून वर जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा आहेत. दिव्याखाली हळूहळू फिरवला की त्या रेघांवरून उजेड सरकतो. मुळाला दोन लांब फाटे आणि मध्ये खोल खाच. पूर्ण वाढलेल्या शार्कचा असाच दात चार सेंटिमीटरपर्यंत जातो. हा पिल्लाचा असावा. पण वळण, रेघा, खाच, सगळं या पिल्लाच्या दातात पूर्ण उमटलेलं आहे.

असा दात मांस कापत नाही, निसटता मासा अडकवून धरतो. याचा आजचा नातेवाईक गोब्लिन शार्क. तो खोल पाण्यात राहतो आणि भक्ष्य जवळ आलं की जबडा तोंडाबाहेर फेकतो. त्या जबड्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर मोजला गेला आहे. या नात्याची हकिगत सुंदर आहे. लेबनॉनच्या क्रिटेशस चुनखडीत या वंशाचे अख्खे मासे ठशासारखे सापडले होते आणि १८८९ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी स्कॅपॅनोरिंकस हे नाव दिलं. जिवंत गोब्लिन शार्कचं वर्णन जपानी समुद्रातल्या माशावरून १८९८ साली झालं. म्हणजे जुना नातेवाईक नऊ वर्षं आधी माहीत झाला आणि आजचा मागून भेटला.

याच शार्कच्या जबड्याच्या बाजूचे दात वेगळे असतात. चपटे, त्रिकोणी, बगलेत छोटी टोकं असलेले. दोन्ही शेजारी ठेवले तर ते एका तोंडातले आहेत यावर विश्वास बसत नाही. जुन्या काळी सुट्या दातांवरून जातींची नावं दिली गेली तेव्हा एकाच शार्कला अनेक नावं मिळण्याचे प्रकार झाले, ते यामुळेच. म्हणून अनुभवी संग्राहक एका दातावरून घाईनं बोलत नाही. तो आधी विचारतो की हा जबड्यात कुठे होता.

तिसरा चार मिलिमीटरचा, स्क्वॅटिना हासेई. एंजल शार्कचा. समोरून पाहिलं तर उलट्या ठेवलेल्या इंग्रजी टी अक्षरासारखा: आडवा, बुटका पाया आणि मधोमध उभं एक टोक. मूळ चपटं आणि जिभेच्या बाजूला पाटासारखं पसरलेलं, खालून त्रिकोणी, मध्ये छिद्र. इथल्या इतर बहुतेक शार्कचे दात टेबलावर ठेवले की आडवे पडतात. हा स्वतःच्या मुळावर बसतो. आजचा एंजल शार्क पाकटासारखा चपटा असतो, वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि मासा वरून गेला की क्षणात तोंड उघडून गिळतो. आजच्या माशालाही स्क्वॅटिना हेच वंशनाव आहे. सात कोटी वर्षांत कितीतरी वंश आले आणि गेले, पण वाळूत दबा धरून बसायची ही रीत बदलायची गरज त्याला पडली नाही. ज्याचं चित्त स्थिर, त्याचं आसनही स्थिर असं आपल्याकडे मानतात. या दाताची बैठक पाहताना मला ते आठवतं.

पाव इंची चाळणीतून हा दात सरळ खाली जातो. मोठी चाळण वापरणाऱ्याच्या बिग ब्रुकमध्ये एंजल शार्क नसतोच.

चौथा अडीच मिलिमीटरचा. या दातासाठी मी पाच वर्षं थांबले. इस्किरायझा मीरा हा करवत माशासारखा दिसणारा पाकटाच्या गोतातला प्राणी. त्याच्या लांब चपट्या नाकाच्या दोन्ही कडांना मोठे काटे होते. ते काटे बिग ब्रुकमध्ये नेहमी मिळतात, कित्येक सेंटिमीटर लांबीचे, चकचकीत पात्याचे, खाली घडीघडीचं दणकट मूळ असलेले. लाइडी यांनी १८५६ साली त्यांच्यावरून हे नाव ठेवलं. ग्रीक भाषेत इस्किरायझा म्हणजे बळकट मुळाचा, आणि लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत. पण ते काटे तोंडातले दात नव्हेत. शार्क आणि पाकट यांच्या कातडीवर जे खवल्यासारखे बारीक काटे असतात त्यांचंच ते वाढलेलं रूप आहे. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, ते या काट्यांमुळेच.

मग या प्राण्याचे खरे दात कुठे? ते रव्याच्या चाळणीत. दोन-तीन मिलिमीटरचा त्रिकोणी शेंडा, त्याच्या ओठांकडच्या बाजूला खाली लोंबणारा छोटा पदर आणि दोन पाकळ्यांचं मूळ. इवल्याशा दातांच्या अशा अनेक रांगा त्याच्या जबड्यात होत्या. ज्याच्या नाकावरची हत्यारं लोक बोटभर लांब म्हणून मिरवतात, त्याचं तोंड इतक्या नाजूक दातांचं होतं. नाकाची करवत माशांना घायाळ करायला आणि तळ ढवळायला, मग खाणं मात्र हळूच टिपून. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय तो प्राणी कळत नाही. आणि विशेष म्हणजे हा आजच्या करवत माशाचा पूर्वजही नाही. त्याचा वंश वेगळा, करवत मात्र दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेली. स्क्वॅलिकोरॅक्सच्या धारेनं जे सांगितलं तेच इथे पुन्हा ऐकू येतं.

पाकटाच्या दातावरून बोलताना मला आमच्या दख्खनचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. बिग ब्रुकची माती साठली त्या युगाच्या शेवटी-शेवटी आपल्याकडे ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचे कडे, रायगड, अजिंठ्याचा दगड, सगळं त्याचंच. हा लाव्हा नेमका केव्हा वाहिला यावर बराच काळ मतभेद होते. लाव्हाच्या थरांखाली आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गाळाचे पातळ पट्टे आहेत. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या आसिफाबादच्या परिसरात अशा गाळात पाकटाचे बारीक दात मिळाले. १९९३ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि आन्री कापेता यांनी त्यांना इग्डाबॅटिस इंडिकस हे नाव दिलं. हा वंश कापेता यांनी आधी आफ्रिकेतल्या नायजरमधून वर्णिला होता, तोही क्रिटेशसच्या अखेरच्या थरांतून. दात क्रिटेशसचे, म्हणजे त्यांच्याभोवतीचा लाव्हाही त्या सुमाराचा. डोंगरांच्या वयाच्या वादात काही मिलिमीटरच्या दातांनी साक्ष दिली. १९८८ साली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तेलंगणातल्याच नस्कलच्या गाळातून भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जगापुढे आणला, तोही इवल्या दाढांवरूनच. त्याचं नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. नागपूरच्या ज्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांच्या नावानं तिथलं कॉलेज आहे, त्यांची आठवण या नावात आहे. चाळण बारीक नसती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

पाचवा दीड मिलिमीटरचा, लॉन्किडिऑन बाबुल्स्की. नुसत्या डोळ्यांना तो काळा कण दिसतो, तिळाहून लहान. ताटातून उचलायला शून्य नंबरचा रंगाचा ब्रश ओला करून टोक टेकवावं लागतं, चिमट्यानं तो तुटतो. दहापट भिंगाखाली मात्र एक लांबट होडी उभी राहते. मधोमध बुटकं टोक, टोकापासून दोन्हीकडे पसरत गेलेला एक कंगोरा आणि ओठांच्या बाजूला मधोमध बाहेर आलेली एक छोटी खुंटी. मूळ गेलेलं आहे. या कुळातल्या दातांची मुळं बहुधा अशीच गळून जातात, म्हणून मूळ नसणं हीसुद्धा इथे एक खूणच ठरते. १९७५ साली कापेता आणि जेरार्ड केस यांनी न्यू जर्सीच्या या थरांतल्या शार्क आणि पाकटांवर मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यात या जातीला नाव मिळालं.  त्याच ग्रंथात शेजारच्या होल्मडेल गावाचं नावही एका शार्कच्या जातीला मिळालं. ज्या कापेतांनी पुढे आसिफाबादचे दात वाचले, त्यांनीच आधी या ओढ्याकाठच्या मातीतले वाचले होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा पाचवा दात हायबोडॉन्ट कुळातला आहे. या कुळाचा इतिहास डायनासोरांच्याही कितीतरी आधीपासून सुरू होतो. क्रिटेशसच्या अखेरीस ते कूळ संपलं. म्हणजे माझ्या कुपीतला हा कण त्या घराण्याच्या शेवटच्या पिढ्यांपैकी एकाच्या तोंडातला आहे. स्क्वॅलिकोरॅक्स त्या वेळी समुद्राचा धनी होता. हा लहानसा मासा तळाशी बारीकसारीक कवचं फोडत होता आणि कुणाच्या लक्षातही येत नव्हता. एवढ्या जुन्या कुळाचा शेवट इतक्या लहान अक्षरात लिहिलेला आहे. तो वाचायचा तर भिंगावर डोळा टेकवून श्वास रोखावा लागतो.

पाचही दात आता माझ्या टेबलावर पाच काचेच्या कुप्यांत आहेत. प्रत्येकीवर ठिकाण, तारीख आणि “पात्रातली रेती” अशी नोंद आहे. ही शेवटची नोंद महत्त्वाची. काठातून थेट काढलेल्या दाताचा थर सांगता येतो. ओढ्याच्या पात्रातला दात कुठल्या थरातून सुटून आला हे सांगता येत नाही, कारण इथे माउंट लॉरेल आणि नेव्हसिंक अशा वेगवेगळ्या थरांचं साहित्य एकत्र येतं. जेवढं माहीत तेवढंच लिहायचं. एकदा दोन वेगळ्या ओढ्यांच्या कुप्यांची लेबलं माझ्या हातून अदलाबदल झाली. ते दहा दात आजही चकचकीत आहेत, पण त्यांच्याविषयी मी कुणाला काही सांगू शकत नाही. त्या दिवसापासून मी दात कुपीत टाकायच्या आधी लेबल लिहिते.

हे पाच दात एका ओळीत मांडले की मला एक समुद्र दिसतो. वर मेलेलं ओरबाडणारा स्क्वॅलिकोरॅक्स, मधल्या पाण्यात मासा टिपणारा स्कॅपॅनोरिंकस, वाळूत पडून राहिलेला स्क्वॅटिना, करवतीनं तळ ढवळणारा इस्किरायझा आणि अगदी खाली कवचं फोडणारा लॉन्किडिऑन. वरपासून तळापर्यंत, शिकाऱ्यापासून टिपणाऱ्यापर्यंत. मोठ्या चाळणीनं यांतले दोनच दिले असते, दोन्ही शिकारी. मग तो समुद्र निव्वळ चावणाऱ्यांचा वाटला असता. समुद्र तोच होता, बदललं फक्त चाळणीचं भोक.

आपण जेवढ्या बारकाव्यानं चाळतो तेवढंच जग आपल्याला दिसतं, हे मला या ओढ्यानं शिकवलं. मोठा दात पाहणाऱ्याला लगेच थक्क करतो. लहान दात आधी काहीच देत नाही. वेळ घेतो, प्रकाश नीट धरायला लावतो, पुस्तक उघडायला लावतो, शेजारच्या दाताशी ताडून पाहायला लावतो. मग जे देतो ते मात्र कायमचं देतो. त्यानंतर मोठे दातही वेगळे दिसू लागतात, कारण डोळा तयार झालेला असतो.

तुम्ही कधी बिग ब्रुकला गेलात, तर आधी पाटीवरचे नियम वाचा, काठाला हात लावू नका आणि मोठ्या चाळणीखाली रव्याची चाळण जरूर धरा. पाच दात निवडाल, त्यांतला एक तरी तांदळाच्या कणीहून लहान असू द्या.